बोन्सायसाठी झाड कोणते निवडावे: कोकण, देश आणि विदर्भ यांच्या हवामानानुसार तुलना

बोन्सायसाठी कोणते झाड घ्यावे, हे झाडाच्या देखणेपणावरून न ठरवता आपल्या गावातील सर्वांत कठीण महिन्यावरून ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीत वाढणाऱ्या झाडाची मुळे खोल जातात आणि वरच्या हवेचा तडाखा त्यांना फारसा जाणवत नाही; दोन-तीन इंच खोलीच्या ट्रेमधील झाडाला मात्र ती सोय नसते. मे महिन्यात पश्चिमेच्या गच्चीवरील ट्रेच्या कडेला दुपारी चार वाजता हात लावला, तर तो चटकन मागे घ्यावा लागतो, आणि झाडाची कोवळी मुळे नेमकी त्याच कडेला चिकटून वाढत असतात. उलट कोकणात जुलैमध्ये हाच ट्रे आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून वार्षिक सरासरीचे आकडे पाहून केलेली निवड बहुधा फसते.

हा कठीण महिना प्रदेशागणिक बदलतो. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात तो त्याहूनही जास्त असतो. तेथे झाडाची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये होते, कारण ओलाव्याच्या जोडीला ऊनही नाहीसे झालेले असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला आणि जळगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. सोलापूर आणि मराठवाडा येथे उन्हाळा किंचित सौम्य असला, तरी बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याची भर पडते. पुणे आणि नाशिक त्या मानाने सुदैवी आहेत: पुण्याचा वर्षाचा पाऊस ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास असतो, हिवाळ्याच्या रात्री १० अंशांच्या जवळ उतरतात आणि कोणताही एक महिना झाडाला असह्य होत नाही. त्यामुळे पुण्यात जमलेले झाड मालवणात किंवा चंद्रपुरात जमेलच असे गृहीत धरू नये.

जुनिपर, पाइन आणि मेपल यांचा मोह

बोन्सायची बहुतेक छायाचित्रे जपानी झाडांची असतात, आणि नवशिक्याची पहिली इच्छा त्यांवरूनच तयार होते. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय-बागवान शहराबाहेर गेले आणि १९२५मध्ये ओमिया येथे त्यांचे गाव वसले. ते आजही या कलेचे मोठे केंद्र आहे. पण तेथे हिवाळा खरा हिवाळा असतो. जपानी मेपलला वर्षातून सलग काही आठवडे कडक थंडीची विश्रांती लागते, काळ्या पाइनलाही थंडीचा काळ मानवतो, आणि ती विश्रांती मिळाली नाही तर झाड साठवलेल्या अन्नावर एखादा हंगाम काढते, पुढच्या वर्षी पालवी विरळ येते आणि नंतर ते हळूहळू खंगत जाते. मुंबईत किंवा गोव्यात मेपल घेऊ नये, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. पुण्या-नाशिकमध्येही तो फार काळ सुखात राहत नाही.

जुनिपरचे उत्तर इतके सरळ नाही. त्याच्या चिनी जाती पुणे, नाशिक आणि बंगळूरसारख्या उंचीवरील गावांत उघड्या उन्हात आणि उत्तम निचऱ्याच्या माती-खडीच्या मिश्रणात वर्षानुवर्षे चांगल्या राहू शकतात, परंतु कोकणातील पावसात त्यांची मुळे कुजतात आणि हवा न खेळणाऱ्या बंदिस्त गॅलरीत लाल कोळी ही बारीक कीड लागते. जुनिपरची आणखी एक अडचण खरेदीपूर्वी ठाऊक असायलाच हवी. हे झाड मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवे दिसते, त्यामुळे रंग उतरू लागेपर्यंत उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते. ज्याला झाडाच्या प्रकृतीचा अंदाज घेणे अजून शिकायचे आहे, त्याच्यासाठी इतक्या उशिरा बोलणारे झाड योग्य नाही.

सुईसारख्या पानांचेच रूप हवे असेल, तर किनाऱ्यावरच्या माणसाला पर्याय शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्या समुद्रकाठी रांगेने लावलेला सुरू तैवान आणि इंडोनेशियातील बोन्साय करणाऱ्यांनी फार उंचीला नेला आहे. त्याला खारा वारा चालतो, भरपूर ऊन लागते आणि भरपूर पाणीही लागते; जुनिपर ज्या ओलाव्याने कुजतो, त्यात सुरू वाढतो. अट एवढीच की फांदीवर हिरवा भाग राखूनच छाटणी करावी, कारण जुन्या उघड्या लाकडातून फूट येण्याची खात्री नसते. रत्नागिरी, अलिबाग किंवा पणजीतील वाचकाने जुनिपर आणि सुरू यांच्यात सुरूच घ्यावा. नागपूरकराने मात्र दोन्ही टाळावेत, कारण मे महिन्यात एका दिवसाचे पाणी चुकले तरी सुरूची फांदी वाळते.

वड, पिंपळ आणि नांदरूक

महाराष्ट्रात सर्वाधिक बोन्साय याच कुळातले होतात आणि ते योग्यच आहे. मुळांची मोठी छाटणी सोसणे, जखम लवकर भरून काढणे आणि जुन्या लाकडातून नवी फूट देणे हे बोन्सायला हवे असलेले गुण या तिघांत कमी-अधिक प्रमाणात आहेत. तरीही तिघांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

नांदरूक या तिघांत सर्वांत सहनशील आहे. रोपवाटिकेत तो बहुधा नुसता ‘फायकस’ म्हणून मिळतो. त्याचे पान मुळातच लहान असते आणि नियमित छाटणीने आणखी लहान होते, त्यामुळे फूटभर उंचीचे झाडही पूर्ण वृक्षासारखे दिसू शकते. कोकणातील पाऊस, पुण्यातील कोरडा हिवाळा आणि सावलीच्या जाळीखाली ठेवल्यास विदर्भातील उन्हाळा हे तिन्ही तो सोसतो. जागा अचानक बदलली तर पाने गाळतो, पण पुन्हा धरतो. त्याचा खरा शत्रू फुलकिडा आहे. पान मधोमध दुमडून शेंगेसारखे बंद झालेले दिसले, तर ते उघडून पाहावे. आत बारीक काळे किडे आणि फिकट अंडी दिसतात. अशी पाने तोडून जाळावीत किंवा पिशवीत बांधून टाकावीत आणि मग कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. नुसत्या फवारणीने दुमडलेल्या पानाच्या आत काही पोहोचत नाही. जाड कंदासारख्या मुळांवर कलम केलेला जो फायकस भेटवस्तूंच्या दुकानांत मिळतो, तोही नांदरूकच असतो. पाणी आणि ऊन यांची सवय होण्यासाठी तो ठीक आहे, परंतु कलमाचा सांधा आणि फुगीर मुळे यांमुळे त्यातून नैसर्गिक वृक्षाचे रूप काढणे फार कठीण जाते.

वडाचा मान वेगळा आहे, आणि पारंब्यांचा छोटा वड ज्याने एकदा पाहिला त्याला तोच हवासा वाटतो. पण त्याचे पान सहज वीतभर होते. पाने काढून नवी फूट घेतल्याने ते लहान होत असले, तरी फार लहान ट्रेमध्ये वड शोभत नाही. दोन फुटांच्या आसपास उंचीचे झाड आणि त्याला साजेशी जागा असेल तरच वड घ्यावा. पारंब्यांचा प्रश्न तर पूर्णपणे हवेतील ओलाव्याचा आहे. मुंबई-कोकणात ऑगस्टमध्ये फांद्यांच्या खालच्या बाजूने कोवळी, पांढुरक्या टोकांची मुळे आपोआप लोंबू लागतात, तर पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे तीच टोके कोरड्या हवेत सुकून जातात. तेथे पारंबी हवी असेल, तर ती पारदर्शक नळीत ओल्या मॉससह बंद करून मातीपर्यंत आणावी लागते, आणि हे काम पावसाळ्यातच साधते. म्हणून पारंब्यांसाठी वड घ्यायचा असेल, तर कोकणातील माणसाला या एका बाबतीत निसर्गाचे झुकते माप मिळाले आहे.

पिंपळ मी पहिल्या झाडासाठी सुचवणार नाही. दोन पेऱ्यांमधील अंतर मोठे असल्यामुळे त्याच्या फांद्या लांबट राहतात, आणि छाटलेली डहाळी कापलेल्या जागेपासून मागे वाळत जाण्याची त्याला खोड आहे. मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी पाने गळून तांबूस पालवी येते, त्या काळात पिंपळाइतके सुंदर दुसरे बोन्साय नाही, हेही तितकेच खरे. उष्णता तो उत्तम सोसतो. विदर्भ-मराठवाड्यात वड आणि पिंपळ यांत निवड करायची झाल्यास अनुभवी माणसाने पिंपळ घ्यायला हरकत नाही. नवख्याने नांदरूकच घ्यावा.

जुन्या इमारतींच्या भिंतींत आणि पाइपांच्या सांध्यांत उगवलेली वड-पिंपळाची रोपे ही उत्तम आणि विनामूल्य सामग्री आहे, कारण भिंतीला चिकटून त्यांची मुळे चपटी आणि पसरट झालेली असतात. पावसाळ्याच्या आरंभी ती काढली तर सहज जगतात आणि इमारतीचेही भले होते. डोंगरातून किंवा वनजमिनीतून झाडे खणून आणणे मात्र वेगळी गोष्ट आहे. परवानगीशिवाय ते करू नये, आणि करवंदासारखे झाड तर बियांपासून किंवा रोपवाटिकेतून सहज मिळते.

जेड आणि कामिनी

छोट्या गॅलरीसाठी बहुतेकांची निवड या दोघांवर येऊन ठेपते, आणि त्यांच्या गरजा जवळजवळ परस्परविरोधी आहेत. जेड या नावाखाली दोन वेगळी झाडे विकली जातात. बोन्सायसाठी लालसर खोडाचे आणि नखाएवढ्या पानांचे जे झाड आहे, तेच घ्यावे. ते मूळचे दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातील असून तेथे हत्तींचा आवडता चारा आहे. पानांत पाणी साठवण्याची त्याची क्षमता मोठी असते, त्यामुळे आठ-दहा दिवस घर बंद राहिले तरी ते टिकते. पाण्याची गरज ते स्वतःच सांगते: पान टणक असेल तर पाणी नको, पानावर बारीक सुरकुती दिसली की द्यावे. हा एक नियम पाळला तर सोलापूर, धाराशिव किंवा अहिल्यानगर येथे जेडसारखे निर्धास्त झाड दुसरे नाही. कोकणात मात्र जून ते सप्टेंबर ते छपराखालीच ठेवावे लागते. उघड्या पावसात खोड तळापासून मऊ पडते, आणि एकदा मऊ पडले की वरच्या निरोगी फांद्या कापून, कापलेला भाग काही दिवस सुकवून, नव्याने लावण्याखेरीज उपाय उरत नाही. छाटणीनंतर किंवा कुंडी बदलल्यानंतर लगेच पाणी न देण्याचा नियमही याच कारणासाठी आहे.

कामिनीला ओलावा आवडतो. पांढरी सुगंधी फुले, बारीक चमकदार पाने आणि फिकट, कठीण लाकडाचे खोड यांमुळे ती घरातील सर्वांना आवडते, आणि तीन-चार तासांचे सकाळचे ऊन तिला पुरते. ठाणे, डोंबिवली किंवा पनवेलच्या पूर्वाभिमुख गॅलरीसाठी जेडपेक्षा कामिनी निःसंशय सरस आहे. खोड जाड होण्याचा वेग फार कमी असल्याने रोपवाटिकेतच जाड खोडाचे झाड निवडावे. तिचे वैर आहे ते क्षारयुक्त पाण्याशी. कुंडीच्या कडेला पांढरा थर साचू लागला आणि कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, तर बोअरवेलचे पाणी तिला सोसत नाही असे समजावे. पावसाचे पाणी साठवून देण्याची सोय नसेल, तर मराठवाड्यात कामिनीचा हट्ट धरू नये.

विदर्भातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. कामिनी ही संत्र्याच्याच कुळातील असून संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारा सायला हा कीटक तिच्यावर आवडीने वाढतो. वरूड, मोर्शी, काटोल या भागात घराशेजारी संत्र्याची बाग असेल, तर हौसेसाठी कामिनी न ठेवणे हेच जबाबदारीचे आहे.

चिंच आणि बोगनवेल

उघडी गच्ची, दिवसभराचे ऊन आणि कडक उन्हाळा असे असेल, तर खरी निवड या दोघांमध्ये आहे. चिंचेची बारीक संयुक्त पाने मुळातच बोन्सायच्या मापाची असतात, साल कमी वयातच भेगाळून वृद्ध दिसू लागते, आणि संध्याकाळ झाली की पाने मिटतात. पाणी कमी पडले तर ती पाने गाळून स्वतःला सावरते आणि पाणी मिळताच पुन्हा फुटते. विदर्भात आणि मराठवाड्यात मी चिंचेला पहिली पसंती देतो. तिचा दोष म्हणजे वेळ: बियांपासून सुरुवात केली तर जाड खोडासाठी दशकाहून अधिक काळ थांबावे लागते, आणि जुनी फांदी तारेने वळवताना मोडते, म्हणून आकार कोवळेपणीच द्यावा लागतो. कोकणातही चिंच जगते, परंतु ट्रेमधील सततची ओल तिला मानवत नाही, त्यामुळे तेथे मिश्रण अधिक भरड ठेवावे लागते.

बोगनवेल या प्रतीक्षेला लगेच उत्तर देते. जुने कुंपण काढताना मनगटाएवढी किंवा त्याहून जाड खोडे अनेकदा फुकट मिळतात, आणि काही वर्षांत त्यांतून भरगच्च फुलांचे बोन्साय उभे राहते. तिला फुलण्यासाठी कडक ऊन आणि किंचित तहान लागते. म्हणूनच देशावर आणि विदर्भात ती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बहरते, तर कोकणात पावसाळाभर नुसती पानांची वाढ करते आणि ऑक्टोबरनंतर रंग दाखवते. तिच्या लाकडाकडे लक्ष द्यावे लागते. मोठी जखम उघडी राहिली तर आतून कुजून खोड पोकळ होते, म्हणून प्रत्येक मोठ्या कापावर जखम भरणारा लेप लावावा. मुळे नाजूक असल्यामुळे कुंडी बदलताना मातीचा गोळा फोडू नये. फुले हवी असणाऱ्याने बोगनवेल घ्यावी, आणि वृक्षाचे रूप हवे असणाऱ्याने चिंच. फुलांचा बहर ओसरल्यावर बोगनवेलीच्या फांद्यांची रचना चिंचेइतकी समाधान देत नाही, हा माझा आवडीचा भाग झाला.

गोरखचिंचेचा उल्लेख याच ओघात करायला हवा. फुगीर खोडामुळे ती लवकर भारदस्त दिसते आणि उष्णतेची तिला भीती नसते, परंतु हिवाळ्यात पाने गळल्यावर तिला जवळजवळ कोरडे ठेवावे लागते.

माती आणि जागा यांमुळे उत्तर किती बदलते

योग्य मिश्रण वापरून एखादे झाड आपल्या प्रदेशात थोडे पुढे रेटता येते. चाळलेला विटांचा चुरा आणि बारीक खडी यांचे प्रमाण कोकणात तीन चतुर्थांशापर्यंत न्यावे, तर विदर्भात ते निम्म्यावर आणून पालापाचोळ्याचे खत आणि थोडे कोकोपीट वाढवावे. देशावरची काळी माती ट्रेमध्ये मुळीच वापरू नये. ती ओली असताना मुळांची हवा तोडते आणि सुकल्यावर आकसून ट्रेच्या भिंतीपासून सुटते, त्यामुळे वरून दिलेले पाणी कडेने वाहून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. विदर्भात ट्रे इंचभर अधिक खोल आणि फिकट रंगाचा घ्यावा. हे सर्व केले तरी अकोल्यात मेपल किंवा मालवणात उघड्यावर जेड यांसारखी निवड सावरता येत नाही.

एकाच शहरातील दोन घरांतही निवड वेगळी होऊ शकते. मुंबईतील उत्तराभिमुख खिडकीच्या ग्रिलमध्ये ऊन जवळजवळ येत नाही; तेथे नांदरूक आणि त्याचीच लहान पानांची ‘लाँग आयलंड’ जात यांपलीकडे फारशी निवड नाही, आणि तीही दिवाणखान्यात नव्हे, ग्रिलमध्येच ठेवावी. त्याच इमारतीच्या गच्चीवर सुरू, बोगनवेल आणि चिंच तिन्ही जमतील. न्यू जर्सी किंवा टोरोंटोला स्थायिक झालेल्या मराठी वाचकासाठी तर हे सारे गणित उलटे होते: तेथे मेपल आणि जुनिपर हिवाळ्यातही, कडाक्याच्या थंडीत मुळांना आडोसा देऊन, घराबाहेर राहतात, आणि वड-नांदरूकला रात्री १० ते १२ अंशांच्या खाली जाऊ लागल्या की घरात, भरपूर प्रकाशात घ्यावे लागते.

झाड कधी विकत घ्यावे, हेही निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, पुष्पप्रदर्शनांच्या हंगामात, सर्वच झाडे सतेज दिसतात आणि तेव्हाच सर्वाधिक खरेदी होते. कोकणातल्या माणसाने सप्टेंबरच्या आरंभी आपल्याच भागातील रोपवाटिकेत जाऊन पावसात उघड्यावर उभे राहिलेले झाड निवडावे. विदर्भातल्या माणसाने पहिल्या पावसाच्या आसपास जावे, नुकताच उन्हाळा काढून नवी पालवी धरलेले झाड पाहावे आणि ट्रेखालच्या भोकातून निरोगी, पांढऱ्या टोकांची मुळे दिसतात की नाही याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.